मागच्या भिंतीची जाडी

मी जुन्या इमारतींचे नकाशे काढायचो. सरकारी खात्यातली नोकरी. खातं सांगेल त्या गावाला जायचं, देऊळ असो की किल्ल्याचा बुरूज, टेपने मोजायचं, परत येऊन कागदावर उतरवायचं आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. वडील कोळशाच्या खाणीत फिटर होते, ते वारले होते. माझं लग्न व्हायचं होतं. चंद्रपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत माय आणि मी, दोघंच राहत होतो.

त्या हिवाळ्यात माझ्या वाट्याला ऊनपाण्याचं स्नानगृह आलं. राजुऱ्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे, तिथे जमिनीतून गरम पाणी निघतं. फार कढत नाही, अंगाला सोसेल इतकं. गंधकाचा वास मात्र गावाच्या वेशीपासूनच येतो. खरूज, नायटे, धरलेले गुडघे, सगळ्यांना हे पाणी चांगलं, अशी त्याची ख्याती. एके काळी लोक दूरदूरून यायचे, आठ-आठ दिवस मुक्काम करायचे. गावात दोन धर्मशाळा होत्या, माघात जत्रा भरायची. मग खात्याने इमारत संरक्षित केली, दाराशी निळा फलक लावला आणि इथे काय काय करायला मनाई आहे ते त्यावर लिहून काढलं. त्या यादीत आंघोळही होती. बांधलं आंघोळीसाठी आणि आंघोळीलाच बंदी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन्ही धर्मशाळांत तुरीच्या काड्या रचून ठेवलेल्या होत्या.

इमारत मात्र खरोखर देखणी. चौकोनी बांधणी, मध्ये कुंड, कुंडात चारही बाजूंनी उतरत गेलेल्या पायऱ्या. दगड आपल्याकडचाच, पिवळसर तांबडा, आणि इतका नीट घडवलेला की सांध्यात नख जाणार नाही. कुंडाभोवती ठेंगण्या खांबांची ओसरी. दारावर हत्तीला दाबून उभा असलेला सिंह, म्हणजे गोंड राजवटीची खूण. या दगडी कामावर कुणीतरी पुढच्या काळात विटांच्या आणि चुन्याच्या महिरपी चढवल्या होत्या. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे काही कागद असलेच तर हैदराबादला आणि उर्दूत. आमच्या हाती एकही नव्हता.

पाण्याची व्यवस्था समजायला सोपी होती. झरा इमारतीच्या आतच, पश्चिमेच्या अंगाला, जरा उंचावर. त्याच्यावर दगडी कोठी बांधलेली. कोठीतून पाणी एका दगडी मुखातून मोठ्या कुंडात पडायचं आणि कुंड भरलं की जादा पाणी पूर्वेकडच्या पाटाने शेतांकडे जायचं.

इतिहास विचारायला गेलो तर गावात तीन इतिहास होते. पहारेकरी जातीने गोंड, नोकरी संपायला आलेला म्हातारा. तो म्हणाला, आमच्या राजाने बांधलं, त्याच्या अंगाला रोग झाला होता. शेजारच्या देवळातले पुजारी म्हणाले, रोग झाला होता राणीला. चहाच्या टपरीवाल्याच्या मते रोग घोड्याला झाला होता. मी तिन्ही लिहून घेतले आणि वही मिटली. मला माणसांपेक्षा टेपचा भरवसा जास्त होता.

आणि टेपनेच मला छळलं. परत येऊन कागदावर मापं मांडली तर नकाशा जुळेना. बाहेरचं माप वजा आतलं माप म्हणजे भिंतींची जाडी, शाळेतल्या पोरालाही जमेल असा हिशेब. तीन भिंती सव्वा मीटरच्या आल्या. उत्तरेची, म्हणजे मागची भिंत मात्र दोन मीटरची. पाऊण मीटर जास्तीचं आलं कुठून, ते कळेना. साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "मोजताना चुकलास. परत जा."

परत गेलो. थंडीत पहाटेची एसटी, राजुऱ्याला दीड तास दुसऱ्या गाडीची वाट, मग तीन किलोमीटर पायी. पहारेकऱ्याने टेपचं दुसरं टोक धरलं. मी दोनदा मोजलं, कर्ण घेतले, त्याला टोक बदलायला लावून पुन्हा मोजलं. पाऊण मीटर जसंच्या तसं. मागच्या बाजूला बेशरमाच्या आणि रायमुनियाच्या झुडपांची इतकी दाटी होती की भिंतीच्या बुडापर्यंत जाता येत नव्हतं. वरून टेप टाकून मी काम भागवलं आणि चिडून परत आलो.

त्या रविवारी मी घरीच जमिनीवर कागद पसरून बसलो होतो. माय तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि वाकून कागद पाहू लागली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. नकाशा म्हणजे काय हे मी तिला कधी समजावलं नव्हतं, तिनेही विचारलं नव्हतं.

"हे ऊनपान्याचं हाये ना?"

मी चमकलो. "तुले कसं समजलं?"

"ह्या पायऱ्या पाय ना. चारी अंगानं. आमी झाडावर चढून पाहत होतो, तं वरून असंच दिसे." मग तिने कागदाच्या वरच्या कडेवर, माझ्या नको तितक्या जाड भिंतीच्या बाहेर, तांदळाचं पीठ लागलेलं बोट ठेवलं. "इथची डोनी काऊन नाई काढली?"

"तिथी डोनी नाई."

"हाये."

"माय, मी दोनदा जाऊन आलो. तिथी काहीच नाई. झुडपं आहेत."

"झुडपाच्या खाली पाह्यलं का?"

हा प्रश्न मला फार लागला, कारण मी पाहिलं नव्हतं. मी कागद झटकला, पीठ सगळीकडे पसरलं, आणि मी म्हणालो की ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये. ती पुन्हा तांदळाकडे वळली, पण बोलायची थांबली नाही. मायची ती पद्धतच होती. मी ऐकतो आहे की नाही याची तिला फिकीर नसायची.

तेव्हा मला ती गोष्ट पहिल्यांदा कळली. लहानपणी तिला खरूज व्हायची, सगळं अंग फुटायचं. तिचा बाप तिला जत्रेच्या वेळी बैलगाडीत घालून त्या गावाला न्यायचा. छप्पन्न सालच्या धर्मांतराच्या बऱ्याच आधीची गोष्ट. आमच्या लोकांना पुढच्या दारातून आत जाता येत नसे. आमच्यासाठी मागची बाजू. तिथे भिंतीतून पाणी यायचं, खाली दगडी डोणी होती, त्यात बसून आंघोळ करायची. आत कसं आहे ते पाहायचं असलं की पोरं मागच्या झाडावर चढत.

"समोरच्या पोरी आमाले चिडवत," माय म्हणाली. "मनत, आमचं आंग धुतलेलं पानी घेता. एकीले तं म्या मारलं होतं. माया बापानं सांगतलं होतं, हे पानी अलग येते. थेट झऱ्यातून. ज्यानं बांधलं त्यानं आपल्यासाठी अलग मोरी काढली. आपुन कोनाचं उष्टं पानी घेत नाई."

मी "हं" म्हणालो. खरं सांगायचं तर माझं लक्ष पाऊण मीटरवर होतं.

सोमवारी ऑफिसात मी बिचकत साहेबांना म्हणालो की मागे एखादी डोणी असावी असं कळलं आहे. कुठून कळलं, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते हसले नाहीत, त्याचं मला बरं वाटलं, पण म्हणाले, "आईच्या आठवणींवर आपण नकाशे काढत नाही." मग थोडं थांबून, "असेल तर सांडपाण्याची मोरी असेल. झुडपं काढून बघ एकदा."

म्हणजे तिसरी फेरी. मायला सांगितलं, तर ती म्हणाली, मी येते. मी नाही म्हणालो. गुडघे दुखतात, तीन किलोमीटर चालायचं आहे, सरकारी कामात घरच्यांना नेत नाहीत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहाटे माझ्या आधी तयार होऊन दारात बसली. पिशवीत भाकरी, मिरचीचा ठेचा आणि एक खुरपं.

"खुरपं कायले?"

"झुडपं तू काय टेपानं काढशीन?"

त्या प्रवासात तिने माझा अंत पाहिला. एसटीत शेजारच्या बाईला तिने सांगितलं की माझा मुलगा मोठा इंजिनियर आहे. मी नव्हतो. राजुऱ्याच्या स्टँडवर चहावाल्याला सांगितलं की ह्याने दोनदा मोजलं तरी ह्याला जमलं नाही, म्हणून मी चालली. वाटेत दर फर्लांगाला बसायची आणि दर वेळी उठताना म्हणायची की पहिले इथी पळस होते, पहिले इथी विहीर होती. मी पुढे जाऊन उभा राहायचो आणि घड्याळ बघायचो.

गावात पोचल्यावर ती फलकाकडे, सिंहाकडे, दाराकडे ढुंकूनही न पाहता सरळ इमारतीला वळसा घालून मागे गेली. मी दारात उभा राहून हाका मारत होतो.

पहारेकरी तिच्या मागोमाग गेला. दोघांचं लगेच जमलं. तिने त्याला भाऊ म्हटलं, त्याने तिला बाई. तो कुऱ्हाड घेऊन आला, आणि तासाभरात त्या दोघा म्हाताऱ्यांनी, मी मध्ये मध्ये करत असताना, भिंतीच्या बुडापर्यंत वाट मोकळी केली. मग माय खाली बसली आणि खुरप्याने माती ओढू लागली. वीतभर खोल गेल्यावर खुरपं दगडावर खणकलं.

डोणी होती. चांगली दोन माणसं बसतील एवढी, एका अखंड दगडातली, आतल्या स्नानगृहाच्याच दगडाची. काठ बसून बसून गुळगुळीत झालेला. तिच्या वर भिंतीत हातभर रुंदीचं तोंड, चिखलाने आणि मुळ्यांनी बुजलेलं, आणि तरीही त्यातून कोमट पाण्याची एक बारीक धार झिरपत होती.

"काढ आता कागदावर," माय म्हणाली.

मी टेप काढला. ते तोंड आत जात होतं आणि आत गेल्यावर भिंतीतल्या भिंतीत पश्चिमेला वळत होतं. भिंतीच्या पोटातून दगडी मोरी नेलेली होती. पाऊण मीटर सापडलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मागे माय पहारेकऱ्याला सांगत होती, "ह्याले मागं काही हाये हेच माईत नोतं, भाऊ. दोनदा येऊन गेला. सरकार ह्याले पगार देते."

मी टॉर्च घेऊन आत गेलो. आता मोरी नेमकी कुठून येते ते पाहायचं होतं. कुंडाच्या उत्तरेच्या बाजूला, पाण्याच्या पातळीला लागून एक भोक होतं, ते मी आधीच्या दोन्ही फेऱ्यांत पाहिलं होतं आणि दगड निखळला असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता वाकून नीट पाहिलं. दगड निखळलेला नव्हता. भोक मुद्दाम पाडलेलं होतं आणि त्याच्या कडा विटांनी बांधून घेतल्या होत्या. कुंडातलं पाणी त्यातून मोरीत उतरत होतं आणि मागे डोणीकडे जात होतं. म्हणजे साहेबांचं बरोबर. लोकांनी अंग धुतलेलं पाणीच मागे जात होतं.

पण मोरी तिथे संपत नव्हती. हात घालून चाचपलं, तर दगडी मोरी त्या भोकाच्याही पुढे, वर, झऱ्याच्या कोठीकडे गेलेली लागत होती. मी पहारेकऱ्याला बोलावून कोठीवरची लोखंडी जाळी उघडायला लावली आणि पालथा पडून टॉर्च आत धरला. कोठीची चारही अंगं दगडाची होती. फक्त उत्तरेच्या अंगात हातभर रुंदीचा एक चौकोन विटांचा होता, वरून चुना दिलेला. बाहेर महिरपींना होत्या त्याच पातळ विटा, तोच चुना. मी लेव्हल लावून पातळ्या घेतल्या आणि मग शंका उरली नाही. मूळ बांधणाऱ्याने झऱ्यातून दोन वाटा काढल्या होत्या, एक कुंडात आणि एक सरळ मागच्या डोणीत. महिरपी बांधणाऱ्याने दुसरी वाट विटा लावून बंद केली आणि डोणीला कुंडातलं वापरलेलं पाणी जोडून दिलं. महिरपींचं काम मायच्या जन्माआधीचं, निदान पन्नास वर्षं आधीचं असणार.

मी वहीत लिहीत बाहेर आलो. कपडे चिखलाने भरले होते, कोपर सोललं होतं. माय डोणीच्या काठावर बसून पहारेकऱ्याला भाकरी देत होती आणि सांगत होती, "थेट झऱ्याचं पानी येते हे. माया बाप सांगे. ह्या पोराले मी सांगतलं, तं मने ज्यातलं समजत नाई त्यात बोलू नको."

दिवसभराचा ताप माझ्या डोक्यात साठलेला होता. मी म्हणालो, "थेट झऱ्याचं नाई, माय. कुंडातलं येते. त्या पोरी मनत होत्या तेच खरं होतं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. पहारेकऱ्याने भाकरीचा हात खाली घेतला.

"काय मनतं?"

"कुंडातून भोक पाडलेलं आहे. तिथून येते. मी आत्ता पाहून आलो."

वाक्य पूर्ण होण्याआधीच मला कळलं की हे मी नकाशानवीस म्हणून नाही सांगितलं, भांडणात जिंकायला सांगितलं. पण ते बोलून झालं होतं. तिने डोणीत हात घातला, त्या झिरपणाऱ्या धारेखाली धरला आणि काढून पदराला पुसला. पहारेकरी उठून झुडपं गोळा करायला लागला.

"मंग माया बाप खोटं बोलला?"

"नाई," मी म्हणालो आणि तिच्याजवळ खाली बसलो. मग मी तिला सगळं नीट सांगितलं, मघाशी सांगायला हवं होतं तसं. खडे मांडून दाखवलं, हा झरा, हे कुंड, ही डोणी. दगडाची मोरी थेट झऱ्यापर्यंत जाते. ज्याने बांधलं त्याने खरंच वेगळं पाणी दिलं होतं. नंतर कुणीतरी विटा लावल्या. आजोबांना त्यांच्या आजोबांनी सांगितलं असेल, आणि तेव्हा ते खरं असेल.

"कोनी लावल्या?"

"त्या महिरपी ज्यानं केल्या त्यानं."

"काऊन?"

पाणी कमी पडलं असेल म्हणून, असं मी म्हणून पाहिलं. तिने मान हलवली. "इतलं पानी वावरात जाते. कमी कसं पडन?" तेही खरंच होतं.

मग ती उठली आणि म्हणाली, दाखव. पुढच्या दाराने ती पहिल्यांदाच आत गेली. उंबऱ्याशी थांबली नाही, इकडे तिकडे पाहिलं नाही. कोठीपाशी जाऊन गुडघे धरत खाली बसली. मी टॉर्च धरला. तिने वाकून तो विटांचा चौकोन पाहिला.

"भाऊ, हे काढून टाका."

पहारेकरी खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, इथला गोटा हालवता येत नाई. माई नोकरी जाईन."

"हे लावलं त्याची गेलती का नोकरी?"

तो माझ्याकडे पाहू लागला. मी जाळी बंद करायला सांगितली. परतीच्या वाटेवर माय एकदाही बसली नाही. एसटीत शेजारी एक पोरसवदा बाई होती, लेकरू मांडीवर घेऊन, पण माय तिच्याशी बोलली नाही. सकाळी हिने तोंड बंद ठेवावं असं मला वाटत होतं. आता तिने काहीतरी बोलावं म्हणून मी दोनदा विषय काढला. तिने खिडकीबाहेर पाहिलं.

पुढचे दोन महिने मी त्या एका मोरीपायी ऑफिसात जो त्रास काढला, तसा कुठल्या किल्ल्यापायी काढला नाही. मी नकाशा केला, उभा छेद केला, मोरी दाखवली, विटांचा चौकोन दाखवला आणि लिहिलं, "मागील स्नानकुंडी." साहेबांनी ते खोडून "सांडपाण्याची मोरी व हौद" केलं. मी छेद दाखवला, पातळ्या दाखवल्या. साहेब वाईट नव्हते. त्यांनी पातळ्या स्वतः पडताळून पाहिल्या आणि कबूल केलं.

"मूळ मोरी झऱ्यातूनच निघते, हे मान्य. पण मग बंद का केली, कोणासाठी होती, हे तू अहवालात लिहू नकोस. त्याला कागद नाही."

"माणसं आहेत, सर."

"माणसांचा छेद काढता येतो का?" ते म्हणाले. मग त्यांनाच ते बोलणं आवडलं नसावं. त्यांनी पेन घेतलं आणि माझ्याच कागदावर लिहिलं, "मागील दगडी डोणी. मूळ पुरवठा थेट झऱ्यातून. नंतरच्या काळात बंद." म्हणाले, "एवढं अहवालात जाऊ दे."

टाइप होऊन आलं तेव्हा "डोणी"चं "दोनी" झालं होतं. दुरुस्तीला पाठवलं तर अख्खी ओळच गळाली. तिसऱ्या वेळी मी टायपिस्टच्या खुर्चीमागे उभा राहिलो. पुढे नकाशाच्या अमोनिया प्रिंटवर ती ओळ नेमकी घडीत आली आणि वाचता येईना. मी नवीन ट्रेसिंग काढलं. साहेब म्हणाले, एवढा वेळ तू त्या सिंहावर दिला असतास तर बरं झालं असतं.

विटा काढण्याचं मी एकदाच विचारलं. त्यांनी सरळ उत्तर दिलं. इमारत आहे तशी संरक्षित आहे. गोंडांचा दगड जितका संरक्षित, तितकीच ती वीटही. एक काळ ठेवायचा आणि दुसरा काढून टाकायचा, असं खातं करत नाही. नियमाच्या दृष्टीने त्यात चूक काही नव्हतं. मी टेबलावरून कागद उचलले आणि बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो. ज्याने आमचं पाणी तोडलं त्याच्या विटेवर आता सरकारचा पहारा होता, आणि तिचा नकाशा मीच काढला होता.

मायला हे मी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. नकाशा पूर्ण झाला तेव्हा तिला दाखवला. तिने डोणीवर बोट ठेवलं, नकाशा परत दिला आणि आत गेली.

दोन पावसाळे गेले. मग एक दिवस साहेबांनी मला बोलावलं. त्या इमारतीची मागची भिंत ओल धरत होती, महिरपींचा चुना सुटत चालला होता. दुरुस्तीच्या इंजिनियरने माझा छेद पाहून कारण शोधलं होतं. झऱ्याचं पाणी विटांच्या फटींतून पाझरत होतं, मोरीत गाळ असल्याने तुंबत होतं आणि भिंतीत मुरत होतं. उपाय एकच, विटा काढायच्या, मोरी साफ करायची, कुंडाकडचं भोक बंद करायचं आणि पाणी पूर्वी जात होतं तसं बाहेर जाऊ द्यायचं. मंजुरी आली होती.

"तुझं काम झालं," साहेब म्हणाले.

मी म्हणालो, "ओलीसाठी."

"कशासाठी का होईना," ते म्हणाले आणि दुसरी फाइल ओढली.

संध्याकाळी जेवताना मी मायला सांगितलं. ती भाकरी मोडत थांबली.

"कोनी मनलं काढा मनून?"

"इंजिनियरनं. भिंत ओली होऊन राह्यली होती."

"आमच्यासाठी नाई?"

"नाई."

तिने भाकरीचा तुकडा तोंडात घातला. हिवाळ्यात विटा निघाल्या, मोरी वाहती झाली. माघात मी कामासाठी आरमोरीकडे गेलो होतो, चार दिवसांनी परत आलो तर शेजारीण म्हणाली की तुमची माय आणि मी काल ऊनपाण्यावर जाऊन आलो. मी रागावलोच. ते गुडघे घेऊन, मला न सांगता, दोन एसट्या बदलून.

"जायचं होतं तं मले सांगाचं होतं ना."

"तू घड्याळ पाहत राहतं," माय म्हणाली.

"आंघोळ केली?"

"पाय बुडवले."

"डोनीत?"

"डोनीत कायले? समोरच्या पायरीवर बसली मी, आतमंदी. भाऊ मने बाई, मनाई हाये. म्या मनलं, भाऊ, तुमी तिकडं तोंड करून बसा. तं बसला बिचारा तिकडं तोंड करून."

मी कपाळाला हात लावला. सरकारी नोकराची आई, आणि संरक्षित कुंडात पाय.

"आनि मागं? मागचं पाह्यलं का नाई?"

"पाह्यलं." ती गुडघ्यावर तेल चोळत होती. "मागं बायका कपडे धूत होत्या. साऱ्या गावच्या, साऱ्या जातीच्या. ऊन पानी भेटते ना थंडीचं. डोनीच्या काठाले साबन लावून ठेवला होता पुरा. म्या सांगतलं त्याईले, साबन आतमंदी नका जाऊ देऊ."

"मंग?"

"मंग काय. एक मने, बाई, तुमी कोन सांगनाऱ्या?"

"तू काय म्हणालीस?"

तिने तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली, मागून गुडघ्याला हात पोचत नव्हता. "म्या नाई काही मनलं. धुऊ दे. चांगला चोळ, हलका हलका नको."